ऑर्गॅनोफॉस्फेटजन्य विलंबित चेताविकृती
ऑर्गॅनोफॉस्फेटजन्य विलंबित चेताविकृती हा काही ऑर्गॅनोफॉस्फेट संयुगांच्या विषबाधेनंतर साधारणतः एक ते तीन आठवड्यांनी दिसून येणारा चेतासंस्थेचा विकार आहे. यात हातापायांकडे जाणारे लांब चेतातंतू व मज्जारज्जूतील काही तंतू टोकाकडून नष्ट होत जातात. विषबाधेची सुरुवातीची लक्षणे ओसरून रुग्ण बरा झाल्यासारखा वाटत असतानाही हा विकार सुरू होऊ शकतो.

कारण
ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांची तीव्र विषबाधा ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर निष्क्रिय झाल्याने होते. विलंबित विकृतीचा संबंध मात्र न्यूरोपॅथी टार्गेट एस्टरेज या वेगळ्या विकराशी आहे. ट्राय-ऑर्थो-क्रेसिल फॉस्फेट (टीओसीपी) हे औद्योगिक रसायन तीव्र विषबाधेची ठळक लक्षणे न दिसताही हा विकार घडवू शकते. सर्वच ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांमुळे तो होत नाही.

लक्षणे
प्रारंभी पोटऱ्यांत गोळे येतात व तळपायांना मुंग्या येतात. त्यानंतर पायांतील शक्ती कमी होऊन पाऊल लोंबकळते आणि रुग्ण पाय उंच उचलून चालतो. पुढे हातही दुर्बल होऊ शकतात. मज्जारज्जूला इजा झाली असल्यास कालांतराने पायांत ताठरता येते.

इतिहास
अमेरिकेत दारूबंदीच्या काळात ‘जमैका जिंजर’ या मद्यार्कयुक्त औषधाचा पेय म्हणून वापर होत असे. त्यात टीओसीपीची भेसळ झाल्याने १९३० मध्ये हजारो लोकांना पक्षाघात झाला. १९५९ मध्ये मोरोक्कोतील मेकनेस परिसरात विमानांच्या इंजिनाचे वंगणतेल मिसळलेले खाद्यतेल विकले गेले व सुमारे १०,००० लोक बाधित झाले. भारतात १९८८ मध्ये कोलकात्यातील बेहाला भागात भेसळयुक्त खाद्यतेलामुळे शेकडो लोकांना हा विकार जडला.

निदान व उपचार
निदान विषसंपर्काचा पूर्वेतिहास, शारीरिक तपासणी व चेतावहन चाचणी यांवरून केले जाते. विषबाधेनंतर एक ते चार दिवसांत मान व श्वसनाचे स्नायू दुर्बल करणारा ‘मध्यवर्ती संलक्षण’ हा विकार याहून वेगळा आहे. तीव्र विषबाधेवर दिली जाणारी ॲट्रोपिन व प्रॅलिडॉक्झिम ही औषधे विलंबित विकृती टाळू शकत नाहीत. तिच्यावर विशिष्ट औषध उपलब्ध नसून भौतिकोपचार व आधार देणारी साधने यांवर भर दिला जातो. परिघीय चेतातंतू अनेक महिन्यांत काही अंशी सुधारतात; मज्जारज्जूची हानी बहुधा कायम राहते. त्यामुळे विषबाधेतून वाचलेल्या रुग्णाची रुग्णालयातून घरी गेल्यावरही काही आठवडे तपासणी होत राहणे आवश्यक असते.