संदेशांचा पहिला वाटाड्या

जुन्या काळीं घाटांतून जाणारा प्रवासी एकटा निघत नसे. वाटेला फांटे फुटत, ओढ्यांना पूर येई, एखादी खिंड दरड कोसळून बंद होई. अशा वेळीं त्या मुलखाचा माहितगार वाटाड्या बरोबर घ्यावा लागे. प्रवाशाच्या गांठोड्यांत काय आहे याच्याशीं वाटाड्याला कर्तव्य नसे; त्याला पुढच्या नाक्यापर्यंत सुखरूप पोंचविणें, एवढेंच त्याचें काम. आज शहरांतील बहुतेक सुशिक्षित घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत एक लहानशी पेटी लुकलुकत असते. तिला 'राउटर' म्हणतात, आणि त्या शब्दाला वाटाड्या हाच मराठी शब्द शोभतो. ही पेटी प्रथम घरीं आणून मांडतांना पुष्कळांची त्रेधा उडते. पण अशा जातीचें पहिलें यंत्र ज्यांनीं उभें केलें, त्यांची काय अवस्था झाली असेल? ती हकीकत मनोरंजक आहे, तशीच बोधप्रदही आहे.

हिचा आरंभ १९६६ सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्यांत होतो. त्या खात्याच्या 'आर्पा' नामक संशोधनसंस्थेंत संगणकविषयक शाखेचे प्रमुख रॉबर्ट टेलर हे होते. त्यांच्या कचेरीलगतच्या खोलींत तीन टंकयंत्रें असत व तीं तीन दूरच्या गांवच्या संगणकांना जोडलेलीं होतीं. प्रत्येक संगणकाची भाषा वेगळी, आज्ञा वेगळ्या. एकाशीं बोलणें संपवून दुसऱ्याशीं बोलावयाचें तर खुर्ची सोडून दुसऱ्या यंत्रापुढें बसावें लागे. तीन गांवांसाठीं तीन दरवाजे कशाला, एकाच दारांतून सर्वत्र कां जातां येऊं नये, असा साधा प्रश्न टेलर यांना पडला. मोठ्या उद्योगांचीं मुळें पुष्कळदां अशा साध्या गैरसोयींतच सांपडतात.

पुढें लॉरेन्स रॉबर्ट्स यांजकडे ही योजना आली. परंतु निरनिराळ्या विद्यापीठांतील संगणकांचे चालक नाखूष होते. संगणक त्या काळीं फार महाग. त्याचा वेळ परक्यांचे निरोप पोंचविण्यांत कोण खर्च करणार? १९६७ सालीं वेस्ली क्लार्क यांनीं तोडगा सुचविला. मोठ्या संगणकांना या कामीं जुंपूंच नये. प्रत्येकाच्या दाराशीं एक लहान संगणक बसवावा, आणि निरोपांची नेआण या लहानग्यांनींच आपसांत करावी. घरधन्यानें टपाल वाहूं नये, त्यासाठीं वेगळा हरकारा ठेवावा, असाच हा प्रकार. या हरकाऱ्यांना 'इंप' असें नांव पडलें. आजच्या राउटरचा पूर्वज तो हाच.

निरोप न्यावयाचा कसा, याचा विचार अमेरिकेंत पॉल बॅरन यांनीं व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं स्वतंत्रपणें करून ठेवला होता. मोठा निरोप सलग पाठवूं नये. त्याचे लहान लहान पुडे करावेत व प्रत्येक पुड्यावर पत्ता घालावा. वाटेंतील हरकाऱ्यानें पुडा हातीं घ्यावा, कांहीं बिघडलें नाहीं ना तें तपासावें, पत्ता पाहावा व पुढच्याकडे द्यावा. पुढच्याची पोंच येईपर्यंत त्याची नक्कल आपल्यापाशीं जपून ठेवावी; पोंच न आल्यास पुन्हां पाठवावा. एखादी तार तुटली तर दुसऱ्या वाटेनें न्यावा. आज आपल्या घरचें पत्र किंवा चित्र जगाच्या दुसऱ्या टोंकास जातें, तेंही असेंच पुड्यापुड्यांनीं जातें.

१९६९ च्या जानेवारींत हें काम केंब्रिज गांवच्या 'बोल्ट, बेरानेक आणि न्यूमन' या कंपनीकडे आलें. पहिला इंप सप्टेंबरच्या आरंभीं पोंचता व्हावा अशी बोली होती. फ्रँक हार्ट यांच्या हाताखालीं तेथील मंडळी झटूं लागली. 'हनीवेल ५१६' या संगणकाला त्यांनीं या कामासाठीं घडविलें. तो लोखंडी कपाटाएवढा असून वजन सुमारें ४०० किलो होतें. स्मरणशक्ति मात्र अवघ्या बारा हजार शब्दांची. आजच्या घरगुती पेटीच्या मानानें ती नगण्यच म्हणावयाची.

पहिला मान लॉस एंजल्स येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा होता. प्राध्यापक लेनर्ड क्लाइनरॉक यांच्याकडील विद्यार्थी तयारीला लागले होते. त्यांतील स्टीव्ह क्रॉकर यांनीं एप्रिलमध्यें संगणकांनीं परस्परांशीं कसें बोलावें याविषयींचें पहिलें टिपण लिहिलें. आपण पोरें, हुकूम सोडणारे कोण, म्हणून त्याला त्यांनीं 'अभिप्रायासाठीं विनंती' असें नम्र नांव दिलें. आजही जाळ्याचे नियम त्याच नांवानें प्रसिद्ध होतात. उन्हाळा संपत आला तरी त्यांची तयारी अपुरी होती. तिकडे कंपनीलाही अडचण आल्याची वार्ता होती, तेव्हां थोडी सवड मिळेल अशी विद्यार्थ्यांना आशा वाटत होती. परंतु कंपनीनें अडचण दूर करून यंत्र विमानानें पाठविलें, आणि शनिवारीं, ३० ऑगस्टला, तें दोन दिवस आधींच दाराशीं येऊन उभें राहिलें! परीक्षा अलीकडे ओढली गेलेल्या मुलांची जी स्थिति होते, तीच त्यांची झाली असल्यास नवल नाहीं.

विद्यापीठाचा संगणक व इंप यांमधील जोडणी माइक विंगफील्ड या विद्यार्थ्यानें बनविली होती. २ सप्टेंबरला तार जोडली, आणि यंत्रें एकमेकांशीं बोलूं लागलीं. मात्र पुढें वाट नव्हती. जगांत वाटाड्या एकच; त्यानें वाट दाखवावी कोणाला? ऑक्टोबरमध्यें दुसरा इंप सुमारें साडेपांचशें किलोमीटरवरील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेंत बसला, तेव्हां वाट खुली झाली.

२९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजल्सला चार्ली क्लाइन हा विद्यार्थी, तर तिकडे बिल डुव्हल. दोघांच्या कानाशीं टेलिफोन. आंत शिरण्याची आज्ञा 'लॉगिन' ही होती. क्लाइननें 'एल्' दाबलें. "आलें का?" "आलें." 'ओ' दाबला. "आला." 'जी' दाबलें मात्र, आणि पलीकडचा संगणक कोसळला! अक्षरांसाठीं राखलेली जागा अपुरी पडली होती. सुमारें तासाभरांत दुरुस्ती झाली व पुरी आज्ञा पार पडली. त्या रात्रीच्या नोंदवहींत साडेदहाच्या वेळेसमोर केवळ एका ओळीची नोंद आहे. ना भाषण, ना छायाचित्रकार. जगाचा व्यवहार पालटून टाकणाऱ्या जाळ्याचा पहिला शब्द असा दोन अक्षरांवर अडला, आणि तो पुरा झाला तो टेलिफोनवर बोलणाऱ्या दोन माणसांच्या धीरामुळें.

वर्ष संपण्यापूर्वीं सँटा बार्बरा व यूटा येथेंही इंप बसले. १९७४ मध्यें व्हिंट सर्फ व रॉबर्ट कान यांनीं निरनिराळीं जाळीं एकमेकांस जोडण्याची रीत प्रसिद्ध केली. १ जानेवारी १९८३ पासून आर्पाच्या जाळ्यानें तीच स्वीकारली, आणि १९९० मध्यें तें जुनें जाळें बंद झालें. भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबईसह मोठ्या शहरांतील नागरिकांस ही सेवा खुली केली. कपाटाएवढा वाटाड्या आकसत आकसत पुस्तकाएवढा झाला व घराघरांत येऊन बसला.

मात्र एक फरक ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. १९६९ च्या त्या वाटेवर चालणारे सर्व परस्परांच्या ओळखीचे होते. दाराला कुलूप घालण्याचा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारण नव्हतें. आज त्याच वाटेनें साधु येतो तसा चोरही येतो. म्हणून नवी पेटी मांडणाऱ्यानें बाहेरची तार नेमक्या खांचेंत बसवावी, दिवे स्थिर होईपर्यंत दम धरावा, आणि सर्वांत आधीं कारखान्यानें दिलेला सांकेतिक शब्द बदलून स्वतःचा घालावा. पेटीच्या कारभाराचा शब्द निराळा व घरच्यांनीं वापरावयाचा निराळा, हें विसरूं नये. अक्षरें आठ-दहा जास्त झालीं तरी चालतील. शेजाऱ्याला सहज ओळखतां येईल असें मुलाचें नांव मात्र नको.

आणि पहिल्या खेपेस कांहीं जमलें नाहीं, तर खट्टू होऊं नये. जगांतील पहिल्या वाटाड्यानेंही दोन अक्षरें पोंचवून तिसऱ्याला ठेंच खाल्ली. घरांतील वडील माणूस पेटीपुढें हताश होऊन बसला असेल, तर तरुणानें त्याच्या हातून ती हिसकावून घेऊं नये, शेजारीं बसून "आलें का?" एवढें विचारावें. पहिली वाट तशीच उघडली होती.