बोनस: मेहेरबानी की हक्क?

मुंबईच्या गिरण्यांत १९२४ च्या जानेवारीत संप झाला तो पगारवाढीसाठी नव्हे. १९१९ पासून दरसाल हातात पडणारा बोनस १९२३ सालापुरता मालकांनी नाकारला, म्हणून सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले.

सरकारने फेब्रुवारीत चौकशी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड. निकालाआधी समितीपुढे ठेवलेले प्रश्न नीट वाचायला हवेत, कारण निम्मा निकाल त्यांतच लागून गेला होता. पहिला प्रश्न असा: रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने बजावता येईल असा बोनसचा हक्क कामगारांनी सिद्ध केला आहे काय? म्हणजे सिद्ध करण्याचा भार कामगारांवर. बोनस देण्याचा करार कागदावर कधी झालाच नव्हता. होती ती काही वर्षांची वहिवाट. दुसरा प्रश्न नफ्याचा. १९१७ पासूनचे नफे १९२३ शी ताडून पाहायचे, पण हिशोब 'एकंदर धंद्याचा'. भरपूर कमावणारी गिरणी आणि बुडीत गिरणी एकाच तागडीत घातली, की कमावणाऱ्यालाही हात आखडता घ्यायला सबब मिळते. मला या चौकशीतला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

मार्चमध्ये अहवाल आला. न्यायालयात टिकेल असा कोणताही हक्क सिद्ध झालेला नाही आणि १९२३ चे नफे पाहता मालकांचे म्हणणे योग्य आहे, असा त्याचा निष्कर्ष. महिना संपायच्या आत संप मोडला.

पुढे कायद्याची नजर बदलायला बरीच वर्षे लागली. १९५० मध्ये लेबर अपेलेट ट्रिब्यूनलने मुंबईच्या गिरण्यांच्याच वादात सूत्र घालून दिले: घसारा, यंत्रांच्या नूतनीकरणाची तरतूद, कर आणि भांडवलावरचा परतावा वजा जाता उरलेल्या नफ्यात कामगारांचा वाटा. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या इस्पहानी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पूजा बोनसबद्दल त्याहून मोलाचे तत्त्व मान्य केले. बोनस खंड न पडता, तोट्याच्या सालीही दिला जात असेल, तर तो लेखी नसला तरी नोकरीची अट ठरू शकतो. वहिवाटीतून करार उभा राहतो, हे १९२४ साली कामगारांना मान्य करून घेता आले नव्हते. १९६५ च्या बोनस कायद्याने तर नफा असो वा नसो, पगाराच्या किमान चार टक्के बोनस बंधनकारक केला. थकलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोयही त्यात आली.

तरीही पुराव्याचे ओझे आजही बहुधा मागणाऱ्याच्याच खांद्यावर असते. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बोनसच्या नोटिसा, मागल्या सालच्या जमा नोंदी जपून ठेवा. नोटीस फलकावर लागली असेल, तर ती निघण्याआधी तिचा फोटो काढून घ्या.