चुन्यात कोंडलेली आग

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायचा प्रयोग आपण दर वर्षी वर्गात करतो. निवळी दुधाळ होते, मुले खूश होतात आणि आपण फळ्यावर समीकरण लिहून मोकळे होतो. त्यामागची हकीकत मात्र सांगायची राहून जाते.

चुनखडी हातात धरली तर काही होत नाही. तीच भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि तो कातडी पोळतो. हा दाहकपणा आला कुठून? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात अनेक जाणकार म्हणत, भट्टीतली आग चुन्यात शिरून बसते. हसण्याआधी जरा थांबू या. कळीच्या चुन्यावर पाणी ओतले की तो रटरटतो, वाफा निघतात, भांडे चटका देते. ‘ही पाहा कोंडलेली आग बाहेर आली,’ असे कोणी म्हटले असते, तर आपण काय उत्तर दिले असते?

जोसेफ ब्लॅक हा एडिंबरोला वैद्यक शिकत होता. त्या काळी मूतखड्यावर चुन्याची निवळी देत. निवळी कोणत्या चुन्याची चांगली, यावरून तिथल्या दोन प्राध्यापकांत वाद होता. त्यात न पडता ब्लॅकने १७५४ च्या आपल्या प्रबंधासाठी मॅग्नेशियाचा पांढरा क्षार निवडला. त्यावरून तो पुढे चुन्याकडे वळला. हे प्रयोग १७५६ मध्ये छापून आले. त्याचे मुख्य हत्यार म्हणजे तराजू. १२० ग्रेन खडू (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) भाजल्यावर चुना उरला ६८ ग्रेन. आग आत शिरली म्हणावे, तर वजन जवळजवळ निम्म्यावर आलेले! शिवाय खडूवर आम्ल टाकले की तो फसफसतो, ताजा चुना फसफसत नाही. म्हणजे भट्टीत काही आत गेले नव्हते, एक वायू बाहेर पडला होता. मग ब्लॅकने तो चुना पोटॅशच्या द्रावणात टाकला, धुऊन वाळवला आणि तोलला. वजन भरले ११८ ग्रेन, आणि हाती आला पुन्हा साधा खडू. पोटॅशमधला वायू चुन्याने घेतला होता. दगडात वायू ‘बद्ध’ असू शकतो, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. हाच आपला कार्बन डायऑक्साइड.

पण चुन्यात आणखी एक वायू दडलेला होता, त्याचा ब्लॅकला पत्ता नव्हता. ऑक्सिजन प्रीस्टलीला सापडला १७७४ मध्ये. लाव्हाझिएने १७८९ च्या आपल्या यादीत चुना मूलद्रव्यांतच ठेवला, मात्र तो संयुग असावा अशी त्याला शंका होती. ती खरी ठरली १८०८ मध्ये, डेव्हीने विजेच्या साहाय्याने कॅल्शियम वेगळे केले तेव्हा. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीत ४८ ग्रॅम ऑक्सिजन असतो. भट्टीत त्यातला ३२ ग्रॅम कार्बनबरोबर निघून जातो, १६ ग्रॅम चुन्यातच राहतो.

वर्गात हे वजन करून पाहायचे असेल, तर फळ्यावरचा खडू घेऊ नये. तो बहुधा जिप्समचा असतो. त्याऐवजी शिंपला घ्यावा, तोलून लोहाराच्या भट्टीत लाल होईपर्यंत चांगला भाजावा, निवल्यावर पुन्हा तोलावा. भाजलेल्या शिंपल्याला मुलांनी हात लावू नये. पाणी थेंबाथेंबाने आपणच घालावे, आणि डोळे सांभाळावेत.