कोरेगावच्या नाटकातल्या माझ्या चुका

चौदा एप्रिलला वस्तीत करायची म्हणून मी भीमा कोरेगाववर एक एकांकिका लिहिली. पहिल्याच प्रवेशात माझा नायक खाकी कपड्यात रायफल घेऊन येतो आणि धडाधड पाचपन्नास माणसं लोळवतो. तालमीला टाळ्याच टाळ्या. मागं एक म्हातारे मामा बसले होते, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी काही टाळी वाजवली नाही. सगळे पांगल्यावर म्हणाले, "पोरा, तुझ्या खाकीला अजून तीस वर्सं अवकाश हाय. आन् त्या बंदुकीला एक गोळी सोडायला किती खटाटोप लागतो, ठावं हाय का?"

मी चिडलो. म्हणालो, मामा, भाव महत्त्वाचा. ते म्हणाले, "भाव तुझा. मेले ते."

मग वाचायला बसलो. ठासणीची बंदूक होती ती, चकमकीच्या ठिणगीवर उडणारी. काडतुसाचा कागद दातानं फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी गजानं ठासायची, मग चाप. तरबेज शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढायचा. दारू तोंडात जायची. तोंड आणखी कोरडं पडायचं.

आणि तोंड आधीच कोरडं होतं. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री हे लोक शिरूरहून निघाले, रात्रभर चालले, सकाळी कोरेगावला पोचले तर भीमेपलीकडे पेशव्यांची फौज. मुंबईच्या पलटणीचं पायदळ सुमारे ५००, घोडेस्वार अडीचशे-तीनशे, मद्रासच्या तोफखान्याचे चोवीस गोरे गोलंदाज आणि दोन तोफा. दिवसभर पोटात अन्न नाही. नदी डोळ्यांसमोर आणि पाणी नाही. शरण जाऊ या असं काही गोलंदाज म्हणू लागले. चिझम नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्याचं मुंडकं शत्रूनं कापून नेलं, तेव्हा कॅप्टन स्टॉन्टननं सांगितलं, शरण गेलात तर हेच होईल. हे सगळं माझ्या नाटकात कुठंच नव्हतं. माझ्या नाटकात कुणाला तहानच लागत नव्हती.

आता मोठ्या चुका. मी लिहिलं होतं, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापले. जयस्तंभावर जी ४९ नावं कोरली आहेत त्यातली २२ 'नाक' लागलेली, म्हणजे आपली. रामनाक, भागनाक, हरनाक. उरलेल्यांत मराठे आहेत, मुसलमान आहेत. समोरचे अठ्ठावीस हजार ही सगळी फौज. गावात शिरून घराघरातून लढलं ते सुमारे दोन हजार पायदळ, त्यात अरब पुष्कळ. खर्ड्याच्या १७९५ च्या लढाईशी ज्याचं नाव जोडतात त्या शिदनाकाला मी उचलून कोरेगावचा सेनापती केलं होतं. आणि पेशवाई मी एका दिवसात बुडवली होती. शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण १७ नोव्हेंबर १८१७ लाच चढलं होतं. दुसरा बाजीराव शरण गेला जून १८१८ मध्ये.

म्हणजे काय उरलं? मला तर वाटतं, सगळंच उरलं. ८३४ माणसांपैकी २७५ पडले, जखमी झाले किंवा हरवले, तरी गाव सोडलं नाही. यात एक शून्य वाढवायची गरज काय? आपण वाढवलेलं शून्य समोरचा बरोबर हेरतो आणि त्याच्यासकट बावीस नावंही पुसायला निघतो. वादात मी हे भोगलंय.

त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या काय वेगळं करतात म्हणा. सरदाराच्या घोड्याला दोन पानं, पागोट्याला एक पान. गडाच्या पायथ्याचा मेटकरी, वेसकर महार आलाच तर जोहार घालायला येतो आणि निघून जातो. तिथं कुणी पुरावा मागत नाही. पण म्हणून आपणही तसंच करायचं?

आपल्या वाडवडलांनी तसं केलं नव्हतं. १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये अर्ज लिहिले ते आपल्या लोकांच्या लष्करी चाकरीचा दाखला देऊन. साहेबाच्या टेबलावर खोटा आकडा चालला नसता. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला स्तंभापाशी उभे राहिले ते याच नावांसमोर.

एकांकिका पुन्हा लिहिली. लाल डगले आणले, भाड्यानं. मामांनी लाकडी बंदूक हातात घेऊन पोरांना ठासणी शिकवली, हळूहळू, एकेक हालचाल. वाचून दाखवली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पानी कवा मिळतं त्यास्नी?"

म्हटलं, रात्री नऊनंतर, मारा थांबल्यावर.

"मग तवर पडदा पाडू नगंस."

आता वीस मिनिटांतली दहा मिनिटं नुसती तहान आहे. आमचा दिग्दर्शक दोस्त म्हणतो, लोक कंटाळतील. त्याचं-माझं भांडण अजून चालू आहे.