शुद्धलेखनाची वही आणि लिहिता-वाचता येणे

प्राथमिक शाळेतील मुलाच्या दप्तरात ‘शुद्धलेखन’ असे नाव घातलेली एक दुरेघी वही हमखास सापडते. पाठ्यपुस्तकातील आठ-दहा ओळी रोज तिच्यात उतरवायच्या आणि बाईंनी खाली सही करायची, हा प्रघात कित्येक पिढ्यांचा आहे. या कामाचे खरे नाव मात्र अनुलेखन. समोरचे पाहून जसेच्या तसे लिहिणे म्हणजे अनुलेखन, ऐकलेले लिहिणे म्हणजे श्रुतलेखन आणि मनातला मजकूर आपल्या शब्दांत मांडणे म्हणजे स्वलेखन. तिन्ही कामे एकाच पेन्सिलीने होत असल्यामुळे घरी-दारी ती एकच समजली जातात. प्रत्यक्षात पहिल्या कामाला डोळा आणि हात पुरेसे असतात. वाचता येण्याची त्यासाठी गरजच नसते.

हे विधान अतिशयोक्त वाटल्यास घरच्या घरी पडताळून पाहता येईल. मुलाने नुकतीच लिहून संपविलेली, नेटक्या अक्षरांची ओळ घ्यावी आणि तिच्या मधल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून तो वाचावयास सांगावे. पुष्कळ मुले ओळीच्या आरंभापासून घडाघडा म्हणत त्या शब्दापर्यंत येतात. ओळ त्यांना पाठ असते. सुटा शब्द वाचता न येणारी मुलेही निघतात. त्यांची वही मात्र वर्षभर लाल शेऱ्यावाचून स्वच्छ राहिलेली असते. सुंदर अक्षर हे वाचनाच्या उणिवेवरचे सर्वांत फसवे पांघरूण आहे.

अनुलेखनाला आपल्याकडे मिळालेले महत्त्व अकारण नाही. जुन्या काळी धूळपाटीवर अक्षर गिरवून घेत, मग कित्ता पुढे येई. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडीही शिकविली जात होती. दप्तरी नोकरीत नकला करण्याचे काम मोठे असल्यामुळे वळणदार अक्षराला रोकडी किंमत होती. ती गरज संपली, सवय उरली.

मराठी वाचन तसे सोपे, कारण जसे बोलतो तसे लिहितो, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. ‘कमळ’ हा शब्द लिहिताना तीनही अक्षरे पूर्ण असतात; उच्चारात शेवटचा ‘ळ’ हलका होतो. क, म, ळ अशी सुटी अक्षरे म्हणणारे मूल त्यांच्या बेरजेतून शब्दाच्या जवळपास पोहोचते. शेवटची उडी त्याला ओळखीच्या बळावर मारावी लागते. ‘करवत’ हा शब्द ‘कर-वत’ असा तोडायचा की ‘क-रवत’ असा, हे अक्षरे सांगत नाहीत. ज्याने सुताराची करवत पाहिली किंवा ऐकली आहे, तोच तो अचूक वाचतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ एकच, उच्चार दोन. तात्पर्य, शब्दसंग्रह ही वाचनानंतरची पायरी नसून वाचनाचा आधार आहे.

येथेच अक्षरे शिकविण्याच्या क्रमाचा प्रश्न येतो. आधी सारी मुळाक्षरे, मग काना-मात्रा नसलेले शब्द, मग बाराखडी आणि शेवटी जोडाक्षरे, ही परंपरागत वाट. तिच्यात ‘मला’ हा रोजचा शब्द लिहायला मुलाला काही महिने थांबावे लागते. दुसरी पद्धत अक्षरगटांची. म, क, न, ल ही चार व्यंजने आणि फक्त काना एवढ्या सामग्रीवर काका, मामा, नाक, कान, काम, मका, मला, काल, लाल, कमान, नकल असे वीसहून अधिक शब्द होतात. पहिल्या काही आठवड्यांतच मूल ओळखीचा शब्द आपल्या हाताने जुळविते. बाराखडीचे पाठांतर पुढेही करता येते. शब्द जुळल्याचा तो आनंद मात्र उशिरा देऊन भागत नाही.

वाचता न येण्याचे प्रमाण किती, याचा एक अंदाज ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीवरून येतो. २००५ मध्ये सुरू झालेली ही पाहणी ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केली जाते. मुलापुढे अक्षरे, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवून एकेकट्याकडून वाचून घेतात. देशातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये, हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. सावरले म्हणजे पूर्वीच्याच जागी आले. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे त्याचे उद्दिष्ट आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत. शहरातील पालकांनी हे आकडे खेड्यांचे म्हणून बाजूला सारू नयेत. इंग्रजी माध्यमाच्या ज्या मुलांच्या घरी मराठी केवळ बोलली जाते, त्यांचे मराठी वाचन अनेकदा याच पायरीवर अडलेले असते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. वाचनाचा सराव कायद्याने होत नाही.

शब्दसंग्रह वाढविण्याच्या नावाखाली वर्गात बहुधा समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ होतात. सूर्य म्हणजे रवी, भानू, भास्कर, दिनकर. परीक्षेत गुण मिळतात, पण ‘आज भानू तापला आहे’ असे कोणी लिहीत नाही. त्यापेक्षा एका शब्दाचे गोत शोधणे अधिक फलदायी. पाणी या शब्दाभोवती पाणवठा, पाणथळ, पाणपोई, पाणबुडी, पाणलोट असे शब्द गोळा केले की मुलाला शब्द कसे घडतात याचाही सुगावा लागतो आणि न पाहिलेल्या शब्दाचा अर्थ तो अंदाजाने लावू लागतो. घरच्या शब्दांना वर्गात मज्जाव नसावा, हेही तितकेच महत्त्वाचे. विदर्भातील मूल बटाट्याला आलू म्हणते. मराठवाड्यातील मूल स्वतःला लेकरू म्हणवून घेते. हे शब्द चुकीचे नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ यांच्यासह त्यांनी पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तूच शिक्षणाचे साहित्य म्हणून वापरल्या. मुलाला आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीपासून आरंभ करण्याचा तो मार्ग होता.

बोलीतून प्रमाणलेखनाकडे जाताना एक अडसर प्रत्येक मराठी मुलाला लागतो. ते म्हणते ‘मी काम केलं’, पुस्तकात असते ‘केले’. साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांनी संवाद लिहिताना ‘केलं’ या अनुस्वारयुक्त रूपाला मुभा दिली आहे. (१९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.) शिक्षकाने ही मुभा सांगितली, तर मुलाच्या स्वलेखनातील अर्ध्या ‘चुका’ चुका राहणार नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घाचे दुखणे याहून जुने. आजच्या उच्चारात हा भेद पुष्कळ ठिकाणी ऐकूच येत नाही, त्यामुळे नुसते ‘नीट ऐका’ म्हणून भागत नाही. नियम उलगडून दाखवावा लागतो. शब्दाच्या शेवटचा इकार वा उकार सामान्यतः दीर्घ : कवी, गुरू. समासात तो मूळचा ऱ्हस्व होतो : कविराज, गुरुदक्षिणा. फूल, मूल, खीर यांतील दीर्घ स्वर फुलाला, मुलांनी, खिरीत या रूपांत ऱ्हस्व होतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘गीत’ मात्र ‘गीताला’ असेच राहते. एवढे तीन-चार नियम जोड्या लावून शिकविले, तर चौथीतील मुलाला झेपतात. हेच शब्द पंचवीस वेळा लिहून काढण्याची शिक्षा दिल्यास हात दुखतो, नियम कळत नाही.

श्रुतलेखन उपयोगी पडते ते येथे, आणि त्याचा वापर आपल्याकडे फारच कमी होतो. आठवड्यातून दोनदा, पाच-सहा वाक्ये, तीही न शिकविलेल्या मजकुरातील, एवढे पुरे. वाक्य संपूर्ण वाचावे, शब्द तोडून अक्षरे सुचवू नयेत. नंतर मुलानेच मूळ मजकुराशी आपले लेखन ताडून पाहावे. एकाच वाक्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ आले, म्हणजे समुद्र आणि डोंगरांमधली जागा, तर रफार कोठे आणि अर्धा ऱ कोठे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘आचार्यांना निमंत्रण दिले’ आणि ‘आचाऱ्यांना निमंत्रण दिले’ या दोन वाक्यांवर तर वर्ग खळाळून हसतो, आणि ती जोडी मग कोणी विसरत नाही.