बॉबकॅट, बिल्ला आणि बाऊल

मानेपर्यंत कापलेल्या केसांना आपण 'बॉबकट' म्हणतो. इंग्रजीत 'बॉब' म्हणजे आखूड कापलेलं. उत्तर अमेरिकेतल्या एका रानमांजराला याच शब्दावरून 'बॉबकॅट' हे नाव मिळालं, कारण त्याची शेपूट जेमतेम १५ सेंटिमीटरची, मध्येच छाटल्यासारखी असते. ते एकटं राहतं, दबा धरून ससे मारतं आणि सांजसकाळी जास्त फिरतं. त्याचं शास्त्रीय नाव लिंक्स रूफस. 'रूफस' म्हणजे लॅटिनमध्ये तांबूस. नावाच्या पहिल्या शब्दात घराणं आहे आणि दुसऱ्यात रंग.

बॉबकॅटला 'रूफस' हे नाव १७७७ साली योहान श्रेबर या जर्मन निसर्गतज्ज्ञाने दिलं. त्याच वर्षी त्याने आपल्याकडच्या रानमांजरालाही नाव दिलं, फेलिस चाऊस. 'फेलिस' म्हणजे मांजर. 'चाऊस' हा शब्द मात्र पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथातून आला, आणि तिथे तो ठिपकेदार लिंक्ससाठी होता. आपल्या रानमांजराच्या अंगावर ठिपके नाहीत आणि ते लिंक्सच्या घराण्यातलंही नाही. ते घरच्या मांजराचं सख्खं भाईबंद आहे. पण कानांच्या टोकांना काळ्या केसांचे छोटे झुबके, पाय लांब आणि शेपूट आखूड. त्यामुळे इंग्रजीतही त्याला 'जंगल लिंक्स' म्हणत असत.

हे रानमांजर राहतं कुठे? चंडीगडहून अंबाल्याकडे निघालात की घग्गर नदी ओलांडल्यावर डेराबस्सी लागतं. कारखाने वाढले असले तरी आजूबाजूला गहू आणि भाताची शेतं आहेत. पंजाबच्या मैदानात अशा शेतांच्या आणि नदीकाठच्या उंच गवताच्या आडोशानं रानमांजर राहतं. 'जंगली' म्हटलं तरी घनदाट अरण्य त्याला फारसं मानवत नाही. त्याला हवं गवत, पाणी आणि उंदीर. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यात अभ्यासकांना दिसलं, की एक रानमांजर दिवसाला ३ ते ५ उंदीर मारतं. शेतकऱ्याला याहून चांगला राखणदार कुठे मिळणार?

पंजाबीत मांजरी म्हणजे बिल्ली आणि बोका म्हणजे बिल्ला. हे शब्द संस्कृत 'बिडाल'च्या कुळातले. हिंदीतलं 'बिलाव' त्याच वंशातलं. पंजाबी घरांत फिकट डोळ्यांच्या मुलाला लाडानं 'बिल्ला' किंवा 'बिल्लू' म्हणतात. आपण ज्यांना घारे डोळे म्हणतो, त्या त्यांच्या 'बिल्लियाँ अक्खाँ'.

आपला 'मांजर' शब्द वेगळ्या वाटेनं आला. संस्कृत 'मार्जार'चं प्राकृतात 'मज्जार' झालं आणि पुढे मराठीत 'मांजर'. मुळात 'मृज्' हा धातू, म्हणजे पुसणं, घासून स्वच्छ करणं. 'मार्जन' आणि 'संमार्जन' त्यातलेच. मांजर अंग चाटत बसलं की जवळून बघा. त्याच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, आणि प्रत्येक चाटण्यासरशी केस विंचरल्यासारखे सरळ होतात. रानमांजराची आणि बॉबकॅटची जीभही तशीच. ज्यांनी 'मार्जार' म्हटलं, त्यांनी हे नीट पाहिलं होतं.

मराठीत या रानमांजराला 'बाऊल' असंही नाव आहे. 'वाघाटी' मात्र वेगळी. ती अंगावर ठिपके असलेली, रानमांजराची लहान जात. ही नावं जपायला हवीत, कारण ज्याला नाव नाही त्याला लोक दुसऱ्याच नावानं ओळखतात. बाऊलाच्या पिल्लांच्या अंगावर जन्मतः पट्टे असतात, मोठेपणी ते पुसट होतात. उसाच्या फडात अशी पिल्लं सापडली की कुणी त्यांना बिबट्याचे बछडे समजून घाबरतं, कुणी भटक्या मांजरीची पिल्लं समजून घरी नेतं. आई शिकारीला गेलेली असते. ती परत येते, तेव्हा पिल्लं जागेवर असायला हवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अशा प्राण्यांना संरक्षण दिलं आहे. तेव्हा कुठे असं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, घरच्या मोठ्यांना सांगून वनखात्याला कळवा. आणि कळवताना त्याचं नाव नेमकं सांगा: बाऊल.