आधी ‘नाही’ म्हणालेला मुलगा

1870 च्या दशकाची सुरुवात. चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर. गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट गावाभोवती उभा आहे, चैत्रात महाकालीची जत्रा भरते आहे, रेल्वे अजून आलेली नाही. नागपूरहून यायचं तर बैलगाडी आणि जंगल. अशा गावात पन्नाशीकडे झुकलेला एक चित्पावन पाद्री राहत होता. काशीत वाढलेला, संस्कृतात वाद घालण्यात मुरलेला. नाव नीलकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचं मिशन चांद्यात नुकतंच उभं राहत होतं आणि त्याच्या सुरुवातीच्या माणसांपैकी हे एक.

या माणसाने पंचविशेक वर्षांपूर्वी ख्रिस्ती धर्माच्या विरोधात संस्कृतात एक अख्खा ग्रंथ लिहिला होता. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, 1844-45. तेव्हा वय विशीच्या आसपास. जॉन म्यूर नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ लिहून हिंदू शास्त्रांवर टीका केली होती, तिला दिलेलं हे उत्तर. त्यातले प्रश्न आजही बोचतात. चार दिवसांच्या पापाला कायमचा नरक देणारा देव न्यायी कसा? काहीच न केलेल्या तान्ह्या बाळाला दुःख का? कर्मसिद्धांताकडे याचं निदान उत्तर तरी आहे, तुमच्याकडे काय आहे?

म्हणजे पहिलं उत्तर स्वच्छ ‘नाही’ होतं. येशूने सांगितलेली एक छोटी गोष्ट मला गोऱ्यांकडे पाहताना आठवते. मत्तयच्या शुभवर्तमानात ती आहे. एका माणसाला दोन मुलगे. बाप म्हणतो, आज मळ्यात कामाला जा. पहिला म्हणतो, जात नाही. पण मागाहून त्याला वाईट वाटतं आणि तो जातो. दुसरा म्हणतो, हो बाबा, जातो की. आणि जात नाही. मग येशू समोरच्या धर्मपुढाऱ्यांना विचारतो, बापाचं कोणी ऐकलं?

शेती असलेल्या कुठल्याही घरात ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. दुसरा मुलगा तर प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. फॅमिली ग्रुपवर सगळ्यात आधी अंगठा टाकणारा आणि प्रत्यक्ष कामाच्या दिवशी फोन न उचलणारा. ख्रिस्ती परंपरेत खऱ्या श्रद्धेची म्हणून दोन लक्षणं सांगतात, पश्चात्ताप आणि आज्ञापालन. ती दोन्ही या गोष्टीत आहेत. पहिला मुलगा वळला, आणि मग गेला. नुसतं वाईट वाटून घरीच बसला असता तर मळा तसाच राहिला असता.

इथे शब्दांपाशी थोडं थांबू या. ‘पश्चात्ताप’ या मराठी शब्दात मागाहून होणारी जळजळ आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधला शब्द ‘मेटानोइआ’, म्हणजे मन बदलणं. हिब्रू संदेष्टे जो शब्द वापरतात त्याचा अर्थ तर सरळ मागे फिरणं, रस्ता चुकला की माणूस फिरतो तसं. लॅटिनमध्ये याच जागी शिक्षेचा, प्रायश्चित्ताचा वास असलेला शब्द आला आणि युरोपात त्यावरून पुढे बराच गदारोळ झाला. 1517 मध्ये मार्टिन लूथरने जे 95 मुद्दे मांडले त्यातला पहिलाच असा की श्रद्धावंताचं सगळं आयुष्यच पश्चात्ताप असायला हवं. एकदा पावती फाडून मोकळं होण्याची ती गोष्ट नव्हे. दुसऱ्या शब्दाच्या बाबतीत मात्र मराठी आपोआप बरोबर आहे. आपण म्हणतो, ‘पोरगं ऐकत नाही.’ त्याच्या कानात काही दोष नसतो. हिब्रूतही ऐकणं आणि मानणं एकाच शब्दात येतं. ‘आज्ञापालन’ म्हटलं की कवायत आठवते, ‘ऐकणं’ म्हटलं की घर.

गोऱ्यांकडे परत. काशीत विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याशी ते वाद घालायला जात. हरवायला गेलेल्या माणसाने समोरच्याची पुस्तकं नीट वाचायला घेतली, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी तो अडकला. त्या प्रवचनाच्या शेवटी येशू काय म्हणतो? मला नुसतं प्रभू, प्रभू म्हणणाऱ्यांचं काही खरं नाही; जो बापाच्या इच्छेप्रमाणे वागतो तो माझा. 14 मार्च 1848 रोजी जौनपूरला नीलकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला. काशीच्या ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता हे वेगळं सांगायला नको. जिवंत मुलगा घराला मेला.

1853 मध्ये मुलगी झाली, एलन लक्ष्मी. पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली. पुढच्या वर्षी, 1854 मध्ये, गोरे महाराजा दुलीपसिंगांचे शिक्षक म्हणून इंग्लंडला निघाले. मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. ती परक्या घरांत वाढली, पुढे एका इंग्रज कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली, कवयित्री झाली आणि 1880 मध्ये भारतात परतली. हे वाचताना मी दर वेळी थबकतो. देवाचं ऐकायला निघालेल्या माणसाला पाळण्यातलं रडणं ऐकू आलं नाही का? त्या काळच्या एकट्या पुरुषासमोर फार वाटा नव्हत्या, हे मान्य. पण हिशोबाच्या वहीत ही नोंद राहतेच.

इंग्लंडात त्यांना वेगळाच धक्का बसला. ज्या देशातून हा धर्म आपल्याकडे आला तिथली माणसं त्या प्रवचनाप्रमाणे जगत असतील अशी त्यांची भाबडी समजूत होती. ऑक्सफर्डला मॅक्सम्युलरकडे ते गेले तेव्हा मोडून पडले होते. लंडनमध्ये पाहिलं ते ख्रिस्तीपण असेल तर आपण ख्रिस्ती नाही, घरी परत जावं, अशी त्यांची भाषा होती. मॅक्सम्युलरने ही आठवण पुढे लिहून ठेवली. ‘हो बाबा’ म्हणणाऱ्या दुसऱ्या मुलाचा अख्खा देशच गोऱ्यांनी पाहिला म्हणायचा.

तरी ते राहिले. 1870 पर्यंत रीतसर पाद्री झाले, चांद्यात आणि मध्य भारतात राबले, 1876 मध्ये ऑक्सफर्डच्या काउली संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. शेवटची व्रतं मात्र त्यांनी कधीच घेतली नाहीत. शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत वारले तोवर ते उमेदवारच होते. मला हे अपयश वाटत नाही. ज्याला ‘हो’ या शब्दाची किंमत ठाऊक आहे तो तो शब्द जपूनच उच्चारणार.

याच काउली संघाचं पुण्यातलं मिशन म्हणजे पंचहौद मिशन. ऑक्टोबर 1890 मध्ये तिथे झालेला चहा मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. रानडे, टिळक आदी मंडळी मिशनऱ्यांकडे गेली, समोर चहा-बिस्किटं आली, आणि त्यावरून पुण्यात ग्रामण्य पेटलं. शेवट प्रायश्चित्तात झाला. टिळकांनी काशीला घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी 1892 मध्ये मित्रांच्या अडचणीखातर घेतलं. चहा प्यायल्याचा पश्चात्ताप यांपैकी कोणाला झाला असेल असं वाटत नाही. प्रायश्चित्त आणि पश्चात्ताप यांतलं अंतर दाखवायला याहून चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. चर्चमध्येही पंचहौदाच्या चहाइतकी पोकळ प्रायश्चित्तं रग्गड झाली आहेत, हेही तितकंच खरं.

आता चांद्याची दुसरी बाजू. हा मुलूख 1853-54 मध्ये नागपूरच्या भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांत बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने उठाव केला, आणि 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्याला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली. मिशन आलं तेव्हा या घटनेला पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती. अशा गावात कुणी ‘आज्ञा पाळा’ म्हणाला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण उभं राहील? देव की डेप्युटी कमिशनर? मिशनरी मनाने कितीही स्वच्छ असो, तो राज्यकर्त्यांच्या सावलीतून चालत आला होता.

आज्ञापालन या शब्दाचा धोका इथेच आहे. जर्मनीत हिटलरच्या काळात चर्चमधल्या कित्येकांनी सरकारचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं असं मानलं. त्याच जर्मनीत डीट्रिख बोनहोफर हा पाद्री 1937 मध्ये लिहीत होता की पश्चात्तापाशिवाय वाटली जाणारी क्षमा म्हणजे बाजारातली स्वस्त कृपा, आणि श्रद्धा व आज्ञापालन एकमेकांपासून तोडता येत नाहीत. नेमकं हेच मानणारा माणूस राजवटीच्या विरोधात गेला आणि एप्रिल 1945 मध्ये फासावर चढला. म्हणजे प्रश्न ऐकायचं की नाही हा नाहीच. कोणाचं ऐकायचं, हा आहे.

हा प्रश्न मराठीत सगळ्यात धीटपणे विचारला तो पंडिता रमाबाईंनी. त्यांना ख्रिस्ती धर्म पटला त्यात गोऱ्यांच्या एका पत्राचा मोठा वाटा होता, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि लगेच खटके उडू लागले. बाईने पुरुषांना शिकवू नये असं बिशपांचं मत. मठातल्या भगिनींना वाटे, नव्या मुलीने मुकाट्याने मानावं. रमाबाईंनी मानलं नाही. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटले ती दुसऱ्याच्या हाती जायला नव्हे, हा त्यांचा सूर होता. त्यांच्या पत्रांतून दिसतं की देवाचं ऐकणं आणि पाद्र्याचं ऐकणं या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

पण त्याहून प्रामाणिक कबुली पुढे आहे. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. जगभर नाव झालेल्या, शारदासदन चालवणाऱ्या बाईने हे छापून सांगितलं. तोवर डोकं पटलं होतं. वळणं राहिलं होतं.

1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता तोच हा. तिथून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढलं. यावर आक्षेप तेव्हाही होता, आजही ऐकू येतो: भुकेल्याला भाकर देऊन धर्म देणं कितपत खरं? आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भाकर घेणाऱ्याने ‘हो’ म्हटलं तर ते ‘हो’ पोटाचं की मनाचं, हे बाहेरून कसं कळणार?

रमाबाईंनाही बहुधा हाच प्रश्न पडला असावा. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितलं. सुरुवातीला सत्तरेक जणी, जूनपर्यंत साडेपाचशे. जूनच्या अखेरीस एका रात्री शयनगृहात एक मुलगी अंगात आग पेटल्यासारखं ओरडत उठली. देखरेख करणाऱ्या बाईने पाण्याची बादली आणायला धाव घेतली. मग दिवसेंदिवस रडणं, आपापल्या चुकांची कबुली, मोठ्याने प्रार्थना. गोंगाटावर टीका झाली. मला स्वतःला रडण्यापेक्षा त्यानंतरचं अधिक महत्त्वाचं वाटतं. मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. सदनात शेती चालली, तेलघाणा चालला, छापखाना चालला. रमाबाई साध्या बायकांना कळेल अशा मराठीत मुळापासून बायबल भाषांतरित करत होत्या आणि दुष्काळातून आलेल्या मुली त्याचे खिळे जुळवत होत्या. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या; पूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. दुष्काळात भाकरीसाठी आलेल्या हातांनी ते छापलं होतं.

चांद्याचं पुढे चंद्रपूर झालं. 1962 मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने राज्याबाहेरचं आपलं पहिलं मिशन इथेच उघडलं, 1982 मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. पण त्या दोन मुलांच्या गोष्टीतला पहिला मुलगा या जिल्ह्यात मला जिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो ती जागा चर्च नाही. ज्याच्यात दिसतो तो माणूसही ख्रिस्ती नव्हता, आणि त्याला तसं म्हणण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.

वरोऱ्याचे एक वकील. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असूनही मैला वाहणाऱ्यांबरोबर स्वतः डोक्यावर टोपली घेणारे, कशालाच न भिणारे म्हणून ओळखले जाणारे. एका पावसाळी रात्री रस्त्याकडेला त्यांना काहीतरी पडलेलं दिसलं. ते कुष्ठरोगाने झडलेलं, अळ्या पडलेलं माणसाचं जिवंत शरीर होतं. वकील घाबरले आणि घराकडे पळत सुटले.

घरी त्यांना चैन पडेना. ते मागे फिरले, त्या माणसावर आडोसा उभा केला, त्याला भरवलं, त्याची सेवा केली. त्याचं नाव तुळशीराम. तो वाचला नाही. 1951 मध्ये मुरलीधर देविदास आमटे वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर राहायला गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात 14 रुपये होते. पाणी लागावं म्हणून त्यांनी आधी विहीर खणायला घेतली.